सत्तावीस नंबरचा शिक्का

एप्रिल लागला की माझ्या नाकाला लोखंडाचा वास येतो. लोकांना आंब्याचा येतो, मोगऱ्याचा येतो. मला येतो तो कानशीनं घासलेल्या लोखंडाचा, जिभेवरसुद्धा चव आणणारा. परवा खराडीला ऑफिसात, सातव्या मजल्यावर, एसीत बसले होते. काचेबाहेर ऊन नुसतं रटरटत होतं. आमच्या टीममधला अद्वैत लॅपटॉप घेऊन धावत आला. आमच्याकडे एकानं लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यानं वाचून मंजूर करायचा असतो, त्याशिवाय तो पुढे जात नाही.

"मॅम, फक्त अप्रूव्ह करा ना! आज रिलीज आहे. कोड सौरभचा आहे, तो व्यवस्थितच लिहितो."

माझं बोट बटणावर गेलंसुद्धा होतं, आणि आला की हो तो वास!

"वाचल्याशिवाय नाही," मी म्हटलं.

"पण मॅम, सौरभ आहे..."

"सौरभ आहे म्हणूनच."

अद्वैतनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईंना ऊन लागलंय. त्याचं काय चुकलं म्हणा! त्याला सोनवणे आजोबा कुठे माहीत आहेत? तो कारखाना, ती पिन, काही म्हणता काही माहीत नाही. मला मात्र त्या दुपारपासून दुसरं काही सुचेना.

तुम्ही पुण्यात इंजिनिअरिंग केलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, आपल्या शहरात चार ऋतू असतात: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि सबमिशन. माझं पहिलं वर्ष होतं. सगळीकडे बाहेरच्या कंपन्या येणार, कॉम्प्युटर येणार, नोकऱ्याच नोकऱ्या, अशी हवा होती, आणि आम्ही कर्वेनगरच्या गल्ल्यांतून दुसऱ्याची जर्नलं काखोटीला मारून पळत होतो. दोन खुर्च्यांवर खिडकीची काच, काचेखाली पेटलेला दिवा, काचेवर मैत्रिणीचं ड्रॉइंग आणि त्याच्यावर आपला कोरा कागद! रेघ न् रेघ उतरवायची. घरातल्या मोठ्यांना वाटायचं, पोरगी काय मन लावून अभ्यास करते. घामानं कागदाला कोपर चिकटायचं. पण काय मजा होती! आपण सगळे मिळून कुणाला तरी फसवतोय आणि त्याचंच नाव शिक्षण, असा एक दांडगा उत्साह अंगात भरलेला असायचा.

सगळं उतरवता यायचं, एक सोडून. वर्कशॉपचा जॉब. लोखंडाचे दोन चौकोनी तुकडे घासून असे करायचे की एकाची खाच दुसऱ्यात फट न राहता बसली पाहिजे. शेवटी त्यावर आपला रोल नंबर ठोकायचा आणि परीक्षेला ठेवायचा. माझ्या जॉबच्या फटीतून सरांनी पोस्टकार्ड आरपार घातलं. "यातून हत्ती जाईल," म्हणाले आणि टेबलाखालच्या भंगाराच्या डब्यात टाकला. तीन आठवडे उरले होते. अशा वेळी सगळे करायचे तेच मीही ठरवलं: जॉब बाहेरून करून आणायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

माझ्या शेजारच्या बाकावरची वर्षा सोनवणे म्हणाली, "बाहेर कशाला? माझे आजोबा करतील की! फिटर होते. महायुद्धात जहाजावर होते."

"लढाईच्या?"

"लढाईची जहाजं दुरुस्त करायच्या जहाजावर. तुझा तो चौकोन काय चीज आहे!"

झालं. मी लुना काढली. कर्वेनगर ते येरवडा, भर दुपारी, दोघी जणी. पुलावर लुनानं जीव टाकला, वर्षा उतरून ढकलत होती आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो.

सोनवण्यांचं घर दोन खोल्यांचं, झळझळीत स्वच्छ. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली एका फळीवर ओळीनं कानशी लावलेल्या, मोठीपासून धाकटीपर्यंत. आजोबा दाराशी पत्र्याच्या सावलीत बसले होते. सडसडीत, कडक इस्त्रीचा सदरा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी लोखंडाचे नवे तुकडे पुढे केले आणि काय हवंय ते सांगितलं.

"नंबर कुणाचा ठोकायचा?" त्यांनी विचारलं.

"माझा. एकेचाळीस."

"आणि हात कुणाचा?"

मी वर्षाकडे पाहिलं.

"हात माझा नि नंबर तुझा. जमायचं नाही." त्यांनी तुकडे परत माझ्या हातात ठेवले. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. मग ते उठले, फळीवरची सगळ्यात मोठी कानस काढली आणि माझ्या पुढ्यात धरली. "ही धर. घासायचं नाही, ढकलायचं. येताना उचलायची. उद्यापासून रोज दुपारी यायचं. येणार असलीस तर ये, नाहीतर तो लेथवाला आहे कोपऱ्यावर."

असा राग आला होता म्हणून सांगू! पण गेले. रोज गेले. तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. आजोबा तुकड्याला गुण्या लावायचे, म्हणजे तो काटकोन तपासायचा पोलादी कोन, आणि उन्हाकडे धरायचे. गुण्याच्या खालून केसाएवढा जरी उजेड दिसला तरी एकच शब्द, "परत." पहिले चार दिवस मी त्या शब्दाशिवाय दुसरं काही ऐकलं नाही. पाचव्या दिवशी म्हणाले, "हं." त्या एका 'हं'वर मी लुना काय उडवत घरी आले म्हणता!

आणि घासता घासता ऐकलं ते जहाज. त्याला चांगलं लांबलचक इंग्रजी नाव होतं. पण आजोबा त्याला नुसतं 'कारखाना' म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणणार. मूळची माणसं नेणारी बोट. युद्ध पेटल्यावर तिच्या पोटातल्या खोल्या तोडल्या आणि तिथे लोखंड कातायचे लेथ बसवले, भट्टी बसवली, लोहारकाम, सुतारकाम, ओतकाम, सगळं. तोफा अगदी नावाला. कारखान्यानं कुणाला बुडवलं नाही, हे आजोबा फार अभिमानानं सांगत. मुंबईहून निघाला, सिलोनच्या एका बंदरात येऊन नांगर टाकला, पुढे ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याला लागला. जिथे जाई तिथे आजूबाजूला मोडकी जहाजं गोळा व्हायची. कुणाच्या कुशीला भोक, कुणाचा पंखा वाकडा, कुणाचं इंजिन आजारी.

"दवाखान्यातल्या लायनीसारखी," आजोबा म्हणायचे. "एक बरं झालं की दुसरं बाजूला लागायचं. आमचा लेथ बंद म्हणून पाहिला नाही मी. लाटेवर जहाज डुलतंय आणि आम्ही केसाचं माप पकडतोय. जहाज वर जाताना हात थांबवायचा, खाली येताना कापायचं. अंगात एक ताल बसला होता. सुट्टीत घरी आलो तर जमीन हलत नाही म्हणून झोप येईना!"

ते बोलताना पंचवीस वर्षांचे व्हायचे. हात हवेत लेथ चालवायचे. मीसुद्धा कानस ढकलता ढकलता डुलायला लागायचे, मग "ताल माझा होता, तुझा तुकडा धरणारा व्हाईस जमिनीला बोल्ट केलाय," असा टोला बसायचा. एकदा मात्र हळूच म्हणाले, "बाळ, गावात मला आधी विचारायचे, तू कुणाचा? कारखान्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, माप किती? मला इतकं बरं वाटलं. वाटलं, आता आयुष्यभर बरोबर माप सांगायचं."

त्यांचा तिथला जिवलग म्हणजे उस्मान. गंज पेठेतला, आपल्या पुण्यातलाच, लेथ चालवणारा. एका ताटात जेवायचे. एकमेकांची पत्रं वाचून दाखवायचे. कारखान्याचा नियम असा, की ज्यानं वस्तू बनवली त्यानं तिच्यावर आपला नंबर ठोकायचा, आणि दुसऱ्यानं ती मोजून शेजारी आपला ठोकायचा. दोन शिक्के असल्याशिवाय वस्तू जहाजाबाहेर जात नसे. उस्मानचा अठरा, सोनवण्यांचा सत्तावीस.

"उस्मानचाचा आता कुठे असतात?" मी सहज विचारलं.

आजोबांनी गुण्या खाली ठेवला. "गंज पेठेतच. लेथचं दुकान आहे त्याचं."

"मग भेटत असाल ना?"

"नाही."

एवढंच. त्या दिवशी 'परत'ही म्हणाले नाहीत, 'हं'ही नाही. वर्षानं मला डोळ्यांनी गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहूनच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. कदाचित मी घरची नव्हते म्हणून सांगता आलं असेल. एक छोटं जहाज आलं होतं, समुद्रात पेरलेले सुरुंग वेचणारं. त्याच्या सुकाणूच्या यंत्रातली मुख्य पिन तुटली होती. ती नसली तर चाक फिरवा की काही करा, जहाज वळणार नाही, आणि सुरुंगांच्या मधोमध न वळणारं जहाज म्हणजे काय ते सांगायला नको. नवी पिन करायला उस्मान बसला. त्याला मलेरिया, अंगात सणसणून ताप, हात लटलट कापत होते. दुसरा लेथवाला मोकळा नव्हता. त्यात हुकूम आला, जहाज ठरल्या वेळेच्या आधी सुटणार. खाली होडी येऊन उभी, साहेब वरून ओरडतोय. उस्माननं पिन काढली, पुसली, अठरा ठोकला आणि पुढे केली.

"मी मोजायला मायक्रोमीटर हातात घेतला होता," आजोबा म्हणाले. "तो माझ्या तोंडाकडे बघत होता. डोळे लाल झालेले. मला वाटलं, आत्ता याच्यासमोर मोजायला लागलो तर याला वाटेल, माझ्या हातावर याचा विश्वास नाही. एवढ्या तापात उठून केलंय यानं. मायक्रोमीटर खाली ठेवला. सत्तावीस ठोकला. पिन होडीत गेली."

"मग?"

"मग काय. ते जहाज गेलं. परत आमच्याकडे आलं नाही. कुठे गेलं, राहिलं का बुडालं, आम्हाला कोण सांगणार? मी दोन-तीन साहेबांना विचारायला गेलो आणि दारातून परत आलो. विचारणार काय? मी न मोजता शिक्का मारला, त्यानं कुणी मेलं का?"

पुण्याला परत आल्यावर आजोबांना खडकीला सरकारी नोकरी लागली. सुरुवातीला उस्मान भेटायला यायचा. पण त्याला पाहिलं की आजोबांना ते कापणारे हात दिसायचे. हे घरी नाहीत असं सांगायला लावायचे. मग रस्त्यात दिसला तर पलीकडच्या फुटपाथवर जायचे. हळूहळू त्यानंही येणं सोडलं. येरवडा ते गंज पेठ अंतर ते किती! पन्नास वर्षं झाली.

मी अठरा वर्षांची होते आणि मला वाटत होतं, जगातलं सगळं आता कॉम्प्युटरमध्ये मिळणार. "आजोबा, मी शोधते," मी म्हटलं. कानस हातात धरून, अगदी शपथ घेतल्यासारखी उभी राहून! त्यांना त्या कारखान्याचं नाव आणि छोट्या जहाजाच्या अंगावर रंगवलेला नंबर अजून पाठ होता. तो मी जर्नलच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

माझ्या मामानं कर्वेनगरला बंगल्याच्या गॅरेजमध्ये सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलं होतं. चार टेबलं, पाच कॉम्प्युटर, आणि टेलिफोनच्या तारेवर नुकतंच आलेलं इंटरनेट. मोडेम जोडला की तो आधी किंचाळायचा, मग खरवडायचा, मग घसा साफ केल्यासारखं करून गप्प व्हायचा. गप्प झाला की आपण अमेरिकेत! माझ्या अंगावर दर वेळी काटा यायचा.

"दहा मिनिटं," मामा म्हणाला. "क्लायंटचा फोन येतो. आणि परीक्षा तुझी आहे का त्या जहाजाची?"

दहाची चाळीस मिनिटं झाली. आणि सापडला! कारखाना सापडला हो! वरून खाली, पट्टी पट्टी करत एक काळा-पांढरा फोटो उतरत होता: आधी आकाश, मग धुरांडं, मग डेकवरची माणसं मुंग्यांएवढी. मी खुर्चीवरून उठून ओरडले. मामाचे सगळे प्रोग्रॅमर गोळा झाले. फोटोखाली जहाजाच्या सेवेचा अख्खा इतिहास. डावीकडे महिना, उजवीकडे बंदर. मुंबई होती, सिलोन होतं, ब्रह्मदेश होता. आजोबा मला जे हवेत हात हलवून सांगायचे, ते सगळं तिथे छापून आलेलं. मला इतकं भरून आलं, जणू मीच तिथे चार वर्षं लेथ चालवला होता.

खाली दुरुस्त केलेल्या जहाजांची यादी होती. त्यात तो नंबर सापडला. पुढे लिहिलं होतं, सुकाणूच्या यंत्राची दुरुस्ती. बस्स! पुढे काही नाही. बुडालं की वाचलं, एक अक्षर नाही. पान लिहिणाऱ्याचा पत्ता तळाशी होता. मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत त्याला ईमेल लिहिली. तीन वेळा 'प्लीज' लिहिलं. पिनेबद्दल लिहिलं, शिक्क्याबद्दल नाही.

त्यानंतरचे अकरा दिवस काही विचारू नका. सकाळी जर्नल, दुपारी येरवड्यात कानस, संध्याकाळी मामाच्या गॅरेजच्या दारात मी उभी. "आलं?" "नाही." मामानं शेवटी दारावर पाटीच लावली: 'ईमेल आलेली नाही. विचारू नये.' आजोबा काही विचारायचे नाहीत. फक्त मी लुना स्टँडला लावत असताना माझ्या तोंडाकडे एकदा बघायचे आणि खाली मान घालायचे. त्या दिवसांत माझा जॉब मात्र होत आला. दोन्ही तुकडे एकमेकांत बसायला लागले, आणि एका दुपारी आजोबांनी जोड उन्हाकडे धरला तर उजेडाची रेघ कुठेच नाही! "ठोक नंबर," ते म्हणाले. मी एकेचाळीस ठोकला. मग म्हटलं, "आजोबा, तुम्ही मोजून तुमचा ठोका ना शेजारी." त्यांनी मान हलवली. "त्यानंतर मी दुसऱ्याच्या कामावर शिक्का मारलेला नाही."

परीक्षेच्या दिवशी सरांनी जोड हातात घेतला, पोस्टकार्ड काढलं, फट शोधली, पोस्टकार्ड खिशात परत घातलं. "कुठून करून आणलास?" म्हणाले. मी तळहात उघडून दाखवले. सरांनी यादीत माझ्या नंबरापुढे खूण केली.

आणि त्याच संध्याकाळी मामाच्या दारावरची पाटी काढलेली होती. प्रिंट माझ्या हातात देताना तो म्हणाला, "मी वाचलंय, सॉरी. पळ."

मी वाचलं. मग परत वाचलं. रात्रभर कागद उशाशी. सकाळी सात वाजता मी येरवड्यात! आजोबा दाढी करत होते. मी दारातूनच सुरू झाले, एक एक वाक्य मराठीत करून. पान लिहिणाऱ्यानं माझं पत्र त्या छोट्या जहाजावरच्या एका म्हाताऱ्याला वाचून दाखवलं होतं. तो तिथे इंजिनखोलीत काम करायचा. जहाज बुडालं नाही. युद्ध संपेपर्यंत सुरुंग वेचत राहिलं आणि नंतर स्वतःच्या पायांनी चालत भंगारात गेलं. म्हाताऱ्यानं पुढे सांगितलं होतं, की त्या जहाजावर रोज काही ना काही बिघडायचं. बॉयलर बिघडायचा, पंप बिघडायचे, स्वयंपाकघरातली चूलसुद्धा बिघडायची. एकट्या सुकाणूनं कधी त्रास दिला नाही.

मी नाचायच्याच बेतात होते. वर्षानं मला मिठी मारली. आजोबा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बसून राहिले.

"म्हणजे पिन बरोबर होती," ते म्हणाले.

"बरोबर होती आजोबा!"

"त्याला वाईट वाटू नये म्हणून मी एक मिनिट मोजलं नाही," ते म्हणाले, "आणि पन्नास वर्षं त्याच्यावर संशय घेतला." मग एकदम उठले. उरलेली दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. "तुझी ती गाडी दोघांना नेते का?"

नेते का म्हणजे! पुलावर लुनानं पुन्हा जीव टाकला, पण त्या दिवशी मी तिला पायडल मारत नेलं असतं. आजोबा मागे ताठ बसले होते, ईमेलचा कागद सदऱ्याच्या खिशात. गंज पेठेत शिरलो तसं माझ्या खांद्यावरच्या त्यांच्या हाताची पकड घट्ट झाली.

दुकान उघडं होतं. लेथवर एक गोरेले, जाडसर म्हातारे वाकलेले. त्यांनी वर पाहिलं, लेथ बंद केला आणि हात पुसायला फडकं शोधू लागले.

"सोनवण्या," ते म्हणाले, "बरं नाही वाटतं तुला? या फुटपाथवर आलास तो?"

आजोबांनी काहीच प्रस्तावना केली नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं. पिन मोजली नव्हती, न मोजता सत्तावीस ठोकला, म्हणून तोंड दाखवत नव्हतो. जहाज वाचलं. हा कागद.

उस्मानचाचांनी कागद घेतला नाही. मला भीती वाटली, आता हे हाकलून देतात.

"एवढ्यासाठी?" ते म्हणाले. "मला वाटलं, सरकारी नोकरी लागली म्हणून ओळख विसरलास. अरे गाढवा, पाच वेळा मोजली होती ती मी. ताप मला होता, मायक्रोमीटरला नव्हता."

आजोबांना हसू आलं आणि ते तसंच अर्ध्यावर मोडलं. चाचांनी पाठ फिरवली, उगीचच फळीवर काहीतरी हुडकलं. मग लेथमधून नुकतीच कापलेली एक पिन काढली, पुसली, आणि मायक्रोमीटरसकट आजोबांपुढे धरली.

"घे. आता मोज. माझ्यासमोर मोज."

आजोबांनी दोरा बांधलेला चष्मा नीट केला आणि मोजायला घेतलं. पण या वेळी त्यांचेच हात लटलट कापत होते, आकडा काही स्थिर राहीना. उस्मानचाचांनी मुकाट्यानं त्यांचं कोपर खालून धरलं, आणि माप बरोबर निघेपर्यंत सोडलं नाही.